देवी परत देण्याचा कार्यक्रम

सांगली,
१२ ऑगस्ट २०२५

शिवांजली,

वर ‘प्रिय’ लिहायला गेले आणि हात थांबला, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. उचलला की तू रडणार, आणि तू रडायला लागलीस की मलाच तुझी समजूत काढावी लागणार. पाचवीत एका बाकावर बसायला लागलो तेव्हापासून हेच चाललंय. मेसेज केला तर जोडलेले दोन हात पाठवून तू मोकळी होशील. पत्र निदान वाचावं तरी लागतं. वडूजची फेरी करून आलेय, डेपोच्या रेस्टरूममध्ये बसून लिहितेय, तिकिटाचं मशीन अजून गळ्यातच आहे.

शनिवारचा तुझा कार्यक्रम गाजला, अभिनंदन. पेपरात आलंय, ‘आदिवासी दिनी सावरखडीत सलोख्याचे पर्व’. फोटोत एका बाजूला तू, एका बाजूला तुझा भाऊ यशराज, सरपंच म्हणून फेटा बांधलेला, आणि मधे आमच्या पंचांतला जोतीरामकाका हात जोडून उभा. वाचणाऱ्याला वाटेल नमस्कार करतोय. काका ‘हे आमाला नको’ म्हणत होता, हे फोटोत कसं दिसणार? खाली तुझं नाव मात्र ठळक आहे, ‘प्रा. शिवांजली, समाजशास्त्राच्या अभ्यासक’.

मे महिन्यात वडूजच्या स्टँडवर तू माझ्या गाडीची वाट बघत उभी होतीस, आठवतं? मी खाली उतरले तशी माझे दोन्ही हात धरून म्हणालीस, “अंके, तुमची देवी परत द्यायची ठरवलंय गावानं. आणि माफीसुद्धा मागायची, माईकवरून, सगळ्यांसमोर.” मी विचारलं, “देवी होती कुठं इतकी वर्षं?” तू म्हणालीस, “गावातच. सुरक्षित आहे.” मला तिथंच रडू फुटलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पाशिंजर शिव्या देत होते आणि मी कंडक्टर असून खांबाला टेकून रडत होते.

आपण सातवीत असताना वाघजाईच्या देवळातला चांदीचा मुखवटा चोरीला गेला. गावात चोरी झाली की आधी पारध्यांचा माळ झडायचा, तसा तो झडला, आणि त्या वेळी पालं पेटलीसुद्धा. तुझे वडील आकारामआण्णा पोलीस पाटील. आमच्या देवीचा टाक त्यांनी ‘चोरीची चांदी’ म्हणून उचलून नेला. काकाच्या आज्यानं आणलेली देवी, चार बोटांएवढी. चोर पुढे भलत्याच जिल्ह्यात सापडले. मुखवटा सापडला नाही. आमच्याकडे मात्र कुणी ‘चुकलं’ म्हणायला आलं नाही, आणि देवीचं विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. आण्णा गेले तसं आम्ही विचारणंही सोडलं.

त्या दिवसापासून माझ्या चंद्राबाईआजीनं सावरखडीत पाऊल टाकलं नव्हतं. वडूजला जायचं तर ओढ्याकडून वळसा घालून जायची. उन्हातान्हात, गुडघे धरून. अशा बाईला मी त्या मांडवात आणलं, कशाच्या जोरावर ते तुला माहीत आहे. आमच्या माणसांनी आधी साफ नाही म्हटलं होतं. काकानं विचारलं, “शबुद कुणाचा?” देवी गेली तरी तिचं फडकं आजीनं आगीतून वाचवलं होतं, आमच्यात आजही त्या रिकाम्या फडक्यावर हात ठेवून शपथ होते. मी हात ठेवला आणि म्हणाले, “माझा.”

त्या शब्दावर ती माणसं आली. राखीपौर्णिमा होती म्हणून तुमच्या बायकांनी आमच्या पुरुषांना राख्या बांधल्या, तेही ठीक. टेबलावर आमचे फासे मांडले होते, खाली चिठ्ठी, ‘पारंपरिक शिकारीचे साहित्य’. कुणीतरी काकाला म्हणालं, जरा फासा लावून दाखवा. देवीला घ्यायचं म्हणून काका पहाटेपासून उपाशी होता, अंघोळीच्या ओल्या अंगानं देवीचं फडकं छातीशी धरून आला होता. तरी त्यानं लावून दाखवला. मग तुझं भाषण. ‘इतिहासात काही गैरसमज झाले’, असं तू म्हणालीस. मी मागे उभी राहून पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत होते. आलंच नाही. गैरसमजानं आमची पालं पेटली होती होय गं?

मग ताट आलं. काकानं वरचं वस्त्र काढलं आणि आत लखलखीत नवी देवी. त्यानं ती हातात घेतली, उलटी केली, परत ठेवली आणि ताट मागे सारलं. यशराज माईकवरूनच म्हणाला, “काका, बघा तरी नीट. लय भारी काम हाय. साताऱ्यातनं घडवून आणलीया, पिवर चांदी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजी उठून उभी राहिली आणि विचारलं, “आमची कुटं हाय?”

तू बुटांकडे बघत होतीस. तेव्हा तुझी आजी, बनुबाई, पहिल्या रांगेतून उठली. तिला वाटलं असावं, ही म्हातारी दुःखात आहे, हिला धीर द्यावा. आजीचा हात धरून म्हणाली, “आगं चंद्रे, रडतीस कशाला? तुजी देवी कुटं गेली न्हाई. आमच्या वाघजाईच्या नव्या मुखवट्यात हाय की ती. चांदी कमी पडत हुती तवा आकारामनंच सोनाराम्होरं टाकली. म्या रोज कुकू लावती तवा तुज्या देवीच्या नावानंबी एक बोट वढती.”

आजीचा चेहरा मी बघितला नाही. मी तुझा बघत होते. सगळ्या मांडवात धक्का बसला नाही असं एकच माणूस होतं, ते म्हणजे तू.

मला एवढंच कळव, तुला कधीपासून माहीत होतं?

अंकिता


सांगली,
२७ ऑगस्ट २०२५

शिवांजली,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, बाईंनी फळ्यावर दाखवावं असं.

म्हणजे आण्णांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी तुला सांगितलं. त्यानंतर आपण किती वेळा भेटलो ते आठवतेय. माझी नोकरी लागली तेव्हा तू पेढे घेऊन सांगलीला आलीस. आजीच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात रात्रभर माझ्याशेजारी बसलीस. तेव्हा आजी भुलीतच देवीला हाका मारत होती. मी तुला सांगितलं, ही काय म्हणतेय ते. तू मान हलवलीस आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास. तो हात आता आठवला की अंगावर काटा येतो.

तू लिहितेस, तुझ्या मनात वाईट नव्हतं. मला माहीत आहे. वाईट माणसानं फसवलं असतं तर मी दोन शिव्या हासडून झोपले असते.

आणि लिहितेस, ‘आमच्याकडे देवघरातला टाक झिजला की सोनाराकडे देतात, त्याच चांदीत थोडी भर घालून नवा घडवतात, जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणतात. देव तोच राहतो. म्हणून मला वाटलं नवी घडवली तरी चालेल.’ हे मी दोनदा वाचलं. तुमच्या घरी मी ते बघितलंय. दसऱ्याला उजळलेले टाक ओळीनं मांडलेले असायचे, तू मला दारातून दाखवायचीस, कारण मला आत यायची परवानगी नव्हती. तुला खरंच तसं वाटलं असणार. पण तुला आमच्याबद्दल काही विचारायचं असलं की तू टेप सुरू करून विचारतेस. आमची लग्नं कशी होतात, आमच्या कोणत्या कुळातल्या बायका देवीच्या लुगड्याचा रंग नेसत नाहीत, सगळं तू विचारलंस, आणि आजीनं चुलीपुढं बसवून, तुला पोरीसारखं मानून सांगितलं. एवढं एकच विचारायचं राहिलं, की आजी, नवी देवी चालते का? कारण ते विचारलं असतं तर जुनी कुठाय तेही सांगावं लागलं असतं.

आमच्यात नाही चालत. देवी फुटली तर फुटकी सांभाळतात, वाकली तर वाकडी. तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही, कारण आज्यापणज्यांचं खरंखोटं तिनं ऐकलेलं असतं. तुझ्या नव्या देवीनं कुणाचं काय ऐकलंय? सोनाराच्या दुकानातला रेडिओ ऐकला असेल तर असेल.

त्या दिवशी मांडवात मागून कुणी तरी म्हणालं, “एवढं करून बी माज बघा.” तू लिहितेस, मी माझ्या लोकांना समजावून सांगावं, गाव दुखावलंय. वा! गाव दुखावलंय.

नवरात्रात आमच्या लोकांना पहिल्या दिवशी मानाचं दर्शन द्यायचं तुझ्या मनात आहे. मान वगैरे नको. आजीला मुखवटा बघायचाय, ती येईल. तू एकच कर. घटस्थापनेला देवळाच्या पायरीवर उभी राहा आणि गावाला सांग, की या मुखवट्यात पारध्यांची देवी आहे, ती माझ्या वडिलांनी वितळवली आणि मला ते माहीत होतं. तीन वाक्यं आहेत. भाषण तर तुला छान जमतं.

तू बोललीस तर पंचापुढं मला तोंड दाखवता येईल. काका अजून काही बोललेला नाही, पण दसऱ्यानंतर पंच बसतील. फडक्यावर हात मी ठेवला होता.

अंकिता


सांगली,
२४ सप्टेंबर २०२५

शिवांजली,

तुझा मेसेज घटस्थापनेच्या सकाळीच वाचला. साताऱ्याला तुझ्या कॉलेजमध्ये तपासणीची कमिटी येणार, रजा मिळत नाही. मिळत नसेल. मला मिळाली, आणि मी एसटीत आहे, जिथं रजा मागितली की साहेब असा बघतो जणू त्याची जमीन मागितली.

तरी मला वाटत होतं तू येशील. आजीला घेऊन आम्ही ओढ्याचा वळसा न घालता सरळ गावातून गेलो. लोक ओट्यांवरून बघत होते. देवळापाशी पोचलो तेव्हा मी साताऱ्याच्या रस्त्याकडे दोनदा मान वळवली. आजीच्या ते ध्यानात आलं.

दारात यशराज होता. वाईट वागला असं नाही म्हणणार, घाबरला होता. म्हणाला, “आज्जे, गाभाऱ्यात आज कुणालाच सोडत न्हाई. लांबनं हात जोडा की.” त्याच वेळी आतून कुणाची तरी सून ओटी भरून बाहेर येत होती, तिच्या हातातला नारळ बघून तो स्वतःच ओशाळला. मागून दोघं-तिघं पुढे सरकले. मी आजीचा दंड धरला आणि म्हटलं, चल, जाऊ. तिचा हात दगडासारखा जड झाला होता.

बनुआजी काठी टेकत आली. यशराजला म्हणाली, “सर रं बाजूला.” तो म्हणाला, “आवं आज्जी, लोकं काय म्हणतील?” तर म्हातारी भडकली. “लोकं काय म्हणायची ती म्हणू देत. हिची देवी आमी घेटली, आन हिलाच बगू द्यायची न्हाई व्हय? कुटल्या तोंडानं घट बसवलासा?” आणि आजीला म्हणाली, “ये गं चंद्रे. माझा हात धर.”

तुझ्याकडून मागितलेली तीन वाक्यं ती होती. न शिकलेल्या, न विचारलेल्या बाईनं बोलून टाकली. तू साताऱ्यात कमिटीला चहा देत असशील त्या वेळेला.

आजी उंबऱ्यावर बसली. आत गेली नाही. मुखवट्याला हिरवं लुगडं नेसवलं होतं, नाकात नथ, मळवट भरलेला. आजी खूप वेळ बघत राहिली. मग आमच्या बोलीत तिच्याशी बोलली. काय बोलली ते मी ऐकलं, पण तुला सांगणार नाही. तुला सांगितलं की ते कुठल्या तरी परिसंवादात जाऊन पोचतं.

बाहेर आल्यावर बनुआजीनं विचारलं, “बरी हाय न्हवं तुजी देवी?” आजी तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, “चांगली ठिवलीया बाई तुमी.” दोघी म्हाताऱ्या तिथंच पायरीवर बसून रडल्या. गावातल्या बायका बघत होत्या, काही जणींनी डोळ्याला पदर लावला. तू तिथं असतीस तर तुला फार आवडलं असतं. कार्यक्रमात तुला जे हवं होतं ना, ते तेव्हा झालं, मांडव नसताना.

पण माळावर परत आल्यावर आजीनं मला काय सांगितलं ते ऐक. ती म्हणाली, “ती तिथं हाय. मला वळखत न्हाई.” तेव्हापासून जेवणावर तिचं मन नाही. कुणी देवीचं नाव काढलं की उठून बाहेर जाते. अठरा वर्षं ती हरवलेल्या देवीची वाट बघत जगली, ते तिला बरं जमत होतं. मी तिला सापडलेली देवी दाखवली. हे मी माझ्या हातानं केलं, तुझ्या शब्दावर.

अंकिता


सांगली,
१३ ऑक्टोबर २०२५

शिवांजली,

दोन पत्रं आली. दोन्ही वाचली. हे माझं शेवटचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रागाचा भर ओसरलाय, त्यामुळे अक्षर बरं आलंय.

पंच बसले. माळावर, बाभळीखाली, फडकं मधे ठेवून. जोतीरामकाकानं लहानपणी मला खांद्यावर बसवून शाळेत सोडलंय. ‘आमची पोरगी कंडक्टर हाय’ असं तो अख्ख्या वडूजला सांगत फिरतो. त्यालाच विचारावं लागलं. “या फडक्यावर हात ठिवून तू म्हणालीस देवी घरी येनार. आली का?” मी म्हणाले, नाही. “खोटं बोललीस?” मी म्हणाले, नाही, पण खोटं ठरलं. काका खाली बघत होता. त्याला पुढचं विचारवत नव्हतं.

निकाल असा झाला की देवी घरी येईपर्यंत मी देवीच्या दिवसांत माणसांच्या पंगतीत बसायचं नाही. लांब बसायचं, लांब जेवायचं. फडक्यावर पुन्हा हात ठेवायचा नाही, म्हणजे माझा शब्द आता तिथं चालत नाही. देवी मुखवट्यात आटलीय, ती घरी कशी येणार, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

तू लिहितेस, सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, मी तक्रार करावी, तू सोबत येशील. तो कायदा मला माहीत आहे. पंचांशी मी वर्षभर भांडत असते. काडीमोडावरून भांडते, पोरींच्या शाळेवरून भांडते, मागच्या वर्षी त्यांनी एका पोरीचं लग्न मोडायला लावलं तेव्हा काकाशी महिनाभर बोलले नव्हते. तेव्हा कधी तू सोबत आली नाहीस. या वेळी मात्र मला भांडायला तोंड नाही. त्यांनी मला विचारलं, शब्द कुणाचा, मी म्हणाले माझा. त्यांनी माझा शब्द खरा धरला, म्हणून उपाशीपोटी, ओल्या अंगानं तुमच्या मांडवात येऊन बसले आणि टाळ्यांमध्ये त्यांची शोभा झाली. माझ्या माणसांना मी सांगू, की तुम्ही कायद्यानं चुकलात?

गेल्या आठवड्यात आमचा देवीचा दिवस झाला. मी लांब बाभळीपाशी बसले. आजी माझं ताट घेऊन स्वतः आली, पण शेजारी बसली नाही, बसता येत नाही. ताट ठेवून उभी राहिली आणि मी पहिला घास खाल्ल्यावर गेली. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही, जेवले. मटण चांगलं झालं होतं.

गावाचंही तुला सांगते, कारण तू विचारलंयस. यशराज येऊन गेला. एकटाच आला, फेटा नव्हता. म्हणाला, मुखवटा मोडायला गाव कधी तयार होणार नाही, पण दर अमावस्येला आजीला देवळात यायचं असेल तर तो स्वतः दार उघडेल. आजी नको म्हणाली. बनुआजी मात्र आता ओढ्याच्या वाटेनं माळावर येते, काठी टेकत, आजीशी चार शब्द बोलते आणि जाते. त्या दोघींचं काहीतरी जुळतंय. त्याचा फोटो काढायला येऊ नकोस.

आता तुझ्या शेवटच्या पत्राबद्दल. बनुआजीकडून तुला कळलं, की पंचांसमोर मी तुझं नाव घेतलं नाही. ते वाचून तू खूप रडलीस म्हणे. लिहितेस, ‘एवढं होऊनही तू मला वाचवलंस अंके, तुझं मन किती मोठं आहे, याचा अर्थ आपल्यात अजून काहीतरी शिल्लक आहे.’

तू आमच्यावर इतकं लिहिलंस, भाषणं दिलीस, तरी तुला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही, तेव्हा मी सांगते. पंचांसमोर परक्याचं नाव घेऊन कुणी सुटत नाही. परक्यावर विसंबला तो त्याचा स्वतःचा दोष. नाव घेता येतं ते फक्त आपल्या माणसाचं, मग तो दोष दोघांत वाटला जातो, दोघं मिळून सोसतात. म्हणून काकानं मला दोनदा विचारलं, हळू आवाजात, मला सोडवायची त्याला तेवढी एकच वाट दिसत होती. “पोरी, शबुद देताना तुज्यासंगं कोन हुतं का? आपलं कोन?”

तुला तो ओळखतो. आमच्या चुलीपुढं जेवताना त्यानं तुला कितीदा बघितलंय. तुझंच नाव येईल म्हणून तो वाट बघत होता.

मी म्हणाले, “न्हाई काका. आपलं कुनी नव्हतं.”

अंकिता